घरबसल्या जाणकार

जाणकार म्हणवून घ्यायला हल्ली काही जाणावं लागत नाही, ही मोठीच सोय झाली आहे. पूर्वी चार पेपर वाचावे लागायचे, सभेला जाऊन उन्हात बसावं लागायचं, आणि एखादा खरोखरचा जाणकार भेटला की त्याच्यापुढे गप्प राहावं लागायचं. आता एक फोन, बऱ्यापैकी चार्जर आणि दुपारची झोप न लागण्याची सवय एवढ्यावर भागतं. तुम्हालाही जमेल. मी सांगते तेवढं फक्त पाळा.

सुरुवात राजकारणापासून करा, कारण त्यात प्रवेश परीक्षा नाही. आधी एक बाजू धरा. कोणती धरावी याचा फार खल करू नका, तुम्ही धरलेली बाजू तुमच्याआधीच पलीकडे जाऊन बसण्याची शक्यता बरीच असते. २०१९ च्या ऑक्टोबरमध्ये ज्यांनी युती म्हणून बटण दाबलं, त्यातल्या बऱ्याच जणांना महिनाभराने कळलं की आपलं मत महाविकास आघाडीला पोचलं. मधे एक पहाटेचा शपथविधीही उरकला. आपण दात घासून येईपर्यंत सरकार आलं होतं आणि चौथ्या दिवशी गेलंसुद्धा. जून २०२२ मध्ये एक पक्ष फुटला, जुलै २०२३ मध्ये दुसरा. कच्चा माणूस अशा वेळी गोंधळतो आणि शेजाऱ्याला विचारतो, "मग आपण आता कोणाचे?" तुम्ही असलं काही विचारायचं नाही. दोन वाक्यं तोंडपाठ ठेवायची. आपल्या माणसाने उडी मारली तर "राजकारणात हे चालायचंच", समोरच्याने मारली तर "हा जनादेशाचा अपमान आहे". उड्या पाळीपाळीने पडतात, त्यामुळे दोन्ही वाक्यं सारखीच वापरात राहतात. गंज चढत नाही.

सरावासाठी सोपी उदाहरणं हवी असतील तर जानेवारी २०२६ मधली घ्या. अंबरनाथ नगरपरिषदेत भाजप आणि काँग्रेस एकत्र बसले, अकोटमध्ये भाजप आणि एमआयएम. वरिष्ठांनी डोळे वटारले, ही गोष्ट वेगळी. पण आदल्या आठवड्यापर्यंत ज्या कार्यकर्त्यांनी याच पक्षांवरून साडूशी बोलणं टाकलं होतं, त्यांनी काय करायचं? मी सांगते: साडूशी बोलायचं नाहीच. पक्षांचं काय, ते तात्पुरते भांडतात. आपण जबाबदार नागरिक आहोत.

कोणी पक्षांतरबंदीचा विषय काढलाच तर "दहावी अनुसूची" एवढंच हळू आवाजात म्हणा आणि खिडकीबाहेर बघा. बहुतेक वेळा समोरचा तिथेच थांबतो. कायदा १९८५ चा. तेव्हा एक तृतीयांश आमदार फुटले तर ती फूट चालायची. २००३ च्या दुरुस्तीने ती वाट बंद झाली, आता दोन तृतीयांश लागतात आणि विलीनीकरण दाखवावं लागतं. म्हणजे एकटा गेला तर अपात्र, घाऊक गेले तर पात्र. हे सगळं मी तुमच्या खासगी माहितीसाठी सांगते आहे, ग्रुपवर टाकू नका. मजकुरात आकडे आणि वर्षं दिसली की लोक स्क्रोल करतात.

लोकांना काय आवडतं ते गुवाहाटीने शिकवलं. जून २०२२ मध्ये फुटलेले आमदार तिथल्या हॉटेलात होते आणि सांगोल्याच्या शहाजीबापूंचा फोनवरचा "काय झाडी, काय डोंगार, काय हाटील" हा वृत्तांत दोन दिवसांत राज्याला पाठ झाला. बारशाला, साखरपुड्याला, गोव्याच्या ट्रिपला, सगळीकडे तेच. त्याच आठवड्यांत आसामात महापूर होता, लाखो माणसं छावण्यांत होती. पण खिडकीतून पूर दिसत नसावा, आणि आपणही कुठे विचारलं? जाणकार माणूस विषयाला धरून राहतो. विषय हाटीलचा होता.

चिन्हांच्या बाबतीतही हीच शिस्त ठेवा. २०२४ च्या लोकसभेला एका पक्षाकडे "तुतारी वाजवणारा माणूस" होता आणि अनेक मतदारसंघांत अपक्षांकडे नुसतंच वाद्य, ज्याला पुढे सगळे पिपाणी म्हणू लागले. साताऱ्यात तुतारीवाला सुमारे बत्तीस हजारांनी हरला आणि पिपाणीवाल्या अपक्षाला मतं सुमारे सदतीस हजार. दिंडोरीत तर पिपाणीने लाखाचा पल्ला ओलांडला. यावर तुमचं मत तयार हवं: मतदार अडाणी आहे. तो मतदार म्हणजे गावाकडची तुमची सख्खी आत्या असू शकते, जिचा मोतीबिंदूचा डोळा दोन वर्षं "बघू या, दिवाळीनंतर" वर अडकलाय, या तपशिलात शिरायचं नाही.

आता कौटुंबिक ग्रुप. खरं शिक्षण इथे होतं, म्हणून जरा सावकाश सांगते. सकाळी सहाला मोठे काका गुलाबाच्या फुलावर "शुभ सकाळ" पाठवतात. सहा दहाला देश संकटात असल्याचा मजकूर येतो, ज्याच्या शेवटी "पटलं तर पुढे पाठवा" असतं. दोन्हीवर नमस्काराचे हात टाकायचे, कारण कोणते हात कशासाठी होते हे पुढे कोणी तपासत नाही. साडेसातला पुण्यातली किंवा अमेरिकेतली एखादी भाची विचारते, "काका, याचा सोर्स काय?" हा प्रश्न आला की ग्रुपवर दहा मिनिटं शांतता पसरते. मग काका लिहितात, "बाळ, आम्ही तुझ्या वडिलांना खांद्यावर खेळवलंय." सोर्स मिळाला. वहिनी लगेच नाचणीच्या आंबिलीची कृती टाकतात, कोणीतरी वाढदिवसाचा केक, आणि देश पुन्हा सुरक्षित होतो. या ग्रुपवर तुम्ही कधीही कोणाचं मत बदलायचा प्रयत्न करू नका. त्यासाठी तो नाहीच. तो आहे जमिनीच्या वाटणीनंतरही आपण एकमेकांशी बोलतो हे सिद्ध करायला. प्रत्यक्ष न बोलता.

राजकारणाचा वीट आला तर सेलिब्रिटींकडे वळा. इथे तर थेट वैद्यकीय पदवी मिळते. जानेवारी २०२५ मध्ये सैफ अली खानवर घरात शिरलेल्या माणसाने चाकूने वार केले. तो रिक्षाने दवाखान्यात गेला, डॉक्टरांनी पाठीत रुतलेलं चाकूचं टोक काढलं, आणि पाच दिवसांनी तो गाडीतून उतरून स्वतःच्या पायांनी चालत घरात गेला. त्याला चालताना बघून महाराष्ट्रात एका संध्याकाळी जेवढे मणक्याचे तज्ज्ञ तयार झाले, तेवढे आपल्या वैद्यकीय महाविद्यालयांना दहा वर्षांत जमणार नाहीत. "आमच्या मेहुण्यांना स्लिप डिस्कमध्ये दोन महिने उठता येत नव्हतं, मग हा कसा चालतो?" बिनतोड सवाल! त्या दोन महिन्यांत मेहुण्यांना बघायला आपण गेलो नव्हतो, पण त्यांचा मणका आपल्या लक्षात होता, हे काय थोडं?

श्रद्धांजलीला वेळेचं महत्त्व फार. पहिल्या पाच मिनिटांत वाहिली तरच ती वाहिलेली धरतात. ११ नोव्हेंबर २०२५ ला धर्मेंद्र गेल्याची बातमी पसरली, मोठमोठ्या लोकांनी दुःख व्यक्त केलं, आणि मग त्यांच्या मुलीला जाहीरपणे सांगावं लागलं की बाबा आहेत, उपचार चालू आहेत. तोवर आपण "एक युग संपलं" लिहून, पणतीचं चित्र लावून मोकळे झालो होतो. काहींनी पोस्ट काढली, काहींनी तशीच ठेवली, नंतर उपयोगी पडेल म्हणून. २४ तारखेला ते खरोखर गेले तेव्हा पंचाईत अशी झाली की चांगलं वाक्य आधीच वापरून बसलो होतो. तुमच्यावर ही वेळ येऊ नये म्हणून प्रत्येक ज्येष्ठ कलाकारासाठी दोन वाक्यं ठेवत जा. एक कच्चं, एक पक्कं.

घटस्फोटांचं शास्त्र सोपं आहे: इन्स्टाग्रामवरून लग्नाचे फोटो गेले की समजायचं. तुमच्याच मजल्यावर महिनाभर बंद असलेल्या दाराबद्दल मात्र कुतूहल दाखवू नका. ते भोचकपणात मोडतं.

एव्हाना तुमच्या ध्यानात आलं असेल की विषय घरापासून जेवढा लांबचा, मत तेवढं ठाम ठेवायचं. जवळ येऊ लागलं की आवाज कमी करायचा. आणि अगदी दाराशी आलं की विषय बदलायचा. याची परीक्षा आपण सर्वांनी मिळून दिली आणि विशेष गुणवत्तेत उत्तीर्ण झालो. पुणे महापालिकेच्या सभागृहाची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली. मुंबईचीही त्याच महिन्यात. त्यानंतर प्रशासक आले. ओबीसी आरक्षण, प्रभागरचना, कोर्टाच्या तारखा असं करत करत मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निवडणुका घ्या म्हणून सांगितलं आणि राज्यातल्या २९ महापालिकांसाठी मतदान झालं १५ जानेवारी २०२६ ला. मधली जवळजवळ चार वर्षं आपल्या शहरांत एकही नगरसेवक नव्हता. पाणी कोणत्या भागात किती वेळ, कोणता रस्ता खोदायचा आणि कोणता खोदून तसाच ठेवायचा, हजारो कोटींचं अंदाजपत्रक कशावर घालवायचं, हे सगळं निवडून न आलेल्या अधिकाऱ्यांच्या सहीने चाललं होतं. त्याच चार वर्षांत गुवाहाटीच्या हॉटेलात नाश्त्याला काय होतं, हे आपल्याला माहीत होतं.

नगरसेवक नाही हे लक्षात न येण्यात आपला दोष नाही, हे न्यायाने सांगितलं पाहिजे. कारण फ्लेक्स होते. चौकात दुतर्फा, वीस फुटी. मधे भाऊ, पांढरं कडक जाकीट, गॉगल, एक हात कमरेवर आणि दुसऱ्या हाताने मोबाईल कानाला. वर उजवीकडे दिल्लीचे चेहरे, डावीकडे मुंबईचे, पक्ष फुटल्यावर त्यातला एक चेहरा स्टिकर लावून झाकलेला. खाली "शुभेच्छुक" म्हणून पासपोर्ट आकाराची चाळीस-पन्नास पोरं, ज्यांची नावं वाचायला स्कूटर थांबवावी लागते आणि थांबवली की मागचा हॉर्न देतो. "माजी" हा शब्द एवढा बारीक की छपाईतला डाग वाटावा, आणि "भावी" हा लांबूनही वाचता येईल असा. माणसाला वाटणारच की सगळं सुरळीत आहे. एवढा मोठा हसरा चेहरा पदावर नसेल, असं कोणाच्या मनात येईल?

मतदान कसं करावं, हेही सांगून टाकते, कारण आपल्याकडे चार जणांचा प्रभाग असतो आणि नवखी माणसं आत घाबरतात. पुण्यात ४१ प्रभागांतून १६५ नगरसेवक निवडून द्यायचे होते. यंत्रावर अ, ब, क, ड असे चार गट, पांढरा, गुलाबी, पिवळा, निळा असे चार रंग, आणि चारही मतं दिल्याशिवाय बझर वाजत नाही. पहिलं बटण आपण विचार करून दाबतो. दुसरं पहिल्याशी जुळेल असं. तिसरं आडनाव बघून. चौथं बझर वाजावा म्हणून. बाहेर आलं की बोटाचा फोटो. या निवडणुकीत शाईच्या बाटलीऐवजी मार्कर पेनने खूण केली आणि ती पुसली जाते अशी राज्यभर ओरड झाली, तेव्हा फोटो तिथेच, गेटवर काढायचा. घरी जाऊन भांडी घासली की पुरावा गेला. मुंबईत निम्म्याच्या आसपास मतदारांनी मतदानाचाच त्रास वाचवला. जोडून सुट्टी घेऊन ते लोणावळ्याला बसले आणि संध्याकाळी टक्केवारी घसरल्याबद्दल त्यांनी चिंता व्यक्त केली. त्यांच्याकडून शिकण्यासारखं आहे.

निकालानंतरचं काम फारसं नाही. तुमच्या प्रभागाचे चार नगरसेवक कोण, असं कोणी विचारलं तर "सगळे एकाच माळेचे मणी" म्हणायचं. नाव एकही सांगावं लागत नाही आणि अनुभवी वाटतं. क्षेत्रीय कार्यालयात तक्रार द्यायला जाऊ नका, तिथे गेल्यास पोच घ्यावी लागते आणि पोच घेतली की पुन्हा जावं लागतं. त्यापेक्षा खड्ड्याचा फोटो काढा, वर "प्रशासन झोपलंय का?" लिहा आणि पंतप्रधान, मुख्यमंत्री, नासा यांना टॅग करा. पन्नास लाइक आले की खड्ड्याचं काम झालं असं समजायला हरकत नाही.

सोसायटीच्या सभेला मात्र चुकूनही जाऊ नका. तिथे फक्त टाकीची गळती, पार्किंग आणि वॉचमनचा थकलेला पगार असे विषय असतात, आणि हात वर केला तर काम अंगावर येतं. "मी रविवारी बाहेरगावी आहे" असा मेसेज टाका आणि पडदे ओढून दिल्लीतली चर्चा लावा. आवाज बेताचा ठेवा, सभा तुमच्याच खाली पार्किंगमध्ये चाललेली असते.

आणि संध्याकाळी दूध आणायला उतराल तेव्हा गेटमधून डावीकडे वळू नका. तिथल्या चेंबरला पावसाळ्यापासून झाकण नाही.