एरंडाची बी विषारी, मग एरंडेल पोटात कसं चालतं? एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

तेलबियांच्या औषधी उपयोगांवरच्या लेखावर तुम्ही तीन आक्षेप घेतलेत. एक, एरंडाची बी विषारी म्हणायची आणि तिचंच तेल रेचक (पोट साफ करणारं औषध) म्हणून सांगायचं, हे विसंगत आहे. दोन, निंबोळीचं तेल मुलांच्या पोटात देऊ नका म्हणणं हा परंपरेचा अपमान आहे. तीन, निर्गुंडीचं तेल घरी केलं तर पंधरा दिवसांत वास मारायला लागलं, म्हणजे कृतीच खोटी.

एरंडाचं आधी. बीमधलं विष म्हणजे रायसिन हे प्रथिन. ते पाण्यात विरघळतं, तेलात नाही. बी दाबली की तेल सुटतं आणि रायसिन पेंडीत राहतं. म्हणूनच एरंडीची पेंड खताला चालते, जनावरापुढे तशीच टाकत नाहीत. मात्र घाण्यातून नुकत्याच निघालेल्या गढूळ तेलात पेंडीचे बारीक कण असतात. जुन्या रीतीत बिया भाजून, कुटून पाण्यात उकळत, वर आलेलं तेल पळीनं काढून घेत आणि पाण्याचा अंश जाईपर्यंत पुन्हा कढवत. त्या उकळीत उरलंसुरलं रायसिन निकामी होई. औषधी प्रतीच्या तेलावरही उष्णतेची प्रक्रिया झालेली असते. तेव्हा ‘कच्च्या घाण्याचं तेच अस्सल’ हा तुमचा आग्रह तिळाच्या बाबतीत ठीक, एरंडेलाच्या बाबतीत घातक. घरी बिया कुटायच्या फंदातही पडू नका, ती भुकटी श्वासातून गेली तर काहींना दमा उसळतो.

मात्रा मोठ्या माणसाला एका वेळी 15 ते 60 मिली, सुरुवात 15 नेच. परिणाम 2 ते 6 तासांत दिसतो, म्हणून झोपताना घेऊ नये. लहान आतड्यात तेल फुटून रिसिनोलिक आम्ल सुटं होतं आणि ते आतड्याचे स्नायू आवळायला लावतं. गर्भाशयाच्या स्नायूंवरही त्याचा तसाच परिणाम होतो, म्हणून गरोदरपणी नाही. पोट दुखतंय, ओकाऱ्या होताहेत, अंगात ताप आहे, अशा वेळी थेंबभरही नको. अपेंडिक्स सुजलेलं असेल तर रेचकानं ते फुटू शकतं. आणि दर आठवड्याला ‘पोट साफ’ करायची सवय लावली, तर अंगातलं पाणी आणि पोटॅशियम कमी होत जातं.

आता निर्गुंडी. तुम्ही लिहिलंय: 200 ग्रॅम तिळाचं तेल, 800 मिली पाल्याचा ताजा रस, 50 ग्रॅम वाटलेला पाला, मोठ्या आचेवर पाऊण तास. नंतर बाटलीच्या तळाशी हिरवट गाळ आणि आंबूस वास. दोष इथेच सापडतो. लेखातलं प्रमाण नुसत्या पाण्याचं होतं, तुम्ही रस घेतलात. तेलाच्या चौपट द्रव हे बरोबर, पण द्रव नुसतं पाणी असेल तर कल्क (म्हणजे वाटलेला पाला) तेलाच्या चौथा हिस्सा, काढा असेल तर सहावा आणि रस असेल तर आठवा, असा शार्ङ्गधर या जुन्या वैद्यांचा हिशेब आहे. म्हणजे तुम्हाला 25 ग्रॅम पुरे होता. रसात आधीच बराच चोथा असतो. त्यात दुप्पट कल्क घातला की तो बुडाला लागतो आणि ओल धरून ठेवतो. मोठ्या आचेनं खालचा थर करपला, वरचा ओलाच राहिला. तेल खवट झालं नाही, त्यात पाणी राहिलं आणि ते नासलं.

एवढं पाणी मंद आचेवर आटायला दोन-तीन तास सहज लागतात. जाड बुडाचं स्टीलचं भांडं घ्या, निम्म्याच्या वर भरू नका, कारण शेवटी फेस चढतो. तांब्याचं भांडं नको, तांब्याच्या अंशानं तेल लवकर खवटतं. पळी बुडापर्यंत फिरवत राहा. पाणी आहे तोवर तेलाचं तापमान 100 अंशांच्या आसपास अडकून राहतं. पाणी संपलं की ते भराभर चढतं, म्हणून शेवटची दहा मिनिटं चुलीपुढून हलायचं नाही.

तयार झालं की नाही, हे घड्याळावरून ठरवू नका. तळाचा कल्क पळीवर घ्या, निवू द्या, बोटांत वळा. बोटांना चिकटला तर पाणी आहे. न चिकटता वात वळली तर मध्यम पाक. कडक होऊन भुगा पडायला लागला तर खर पाक, त्यापुढे करपतं. वळलेली वात जाळावर धरा: तडतडली तर आणखी आटवा, मुकाट जळली तर उतरवा. नाकात घालायला मृदू (मध्यमाच्या आधीचा, मऊ पाक), पोटात आणि बस्तीला (एनिमाला) मध्यम, अंगाला चोळायला खर, असं चरकसंहितेत सांगितलंय. तुम्हाला सांध्यांना चोळायचं आहे, तेव्हा मध्यमाच्या किंचित पुढे गेलं तरी बिघडत नाही. गरम असतानाच फडक्यातून गाळा, कोरड्या ठणठणीत बाटलीत भरा. आत्ताचं तेल पुन्हा तापवून वाचवू नका, फेकून द्या.

(कुणी जवसाच्या तेलात हाच प्रयोग करू नये. त्यातलं निम्म्याहून अधिक स्निग्धाम्ल लिनोलेनिक, ते तापवल्यावर फारच लवकर बिघडतं.)

राहिला निंबोळीचा मुद्दा. परंपरेचा मान राखायचा तर कडू कवठीच्या (चालमोगऱ्याच्या) तेलाकडे बघा. तुवरकाच्या नावानं ते सुश्रुतसंहितेत कुष्ठावर आहे. पण पोटात घेतलं की ओकारी, टोचलं तर इतकं दाट की गाठ आणि वेदना. 1915 च्या सुमारास हवाईमध्ये रसायनशास्त्रज्ञ अ‍ॅलिस बॉल यांनी त्याचे इथाइल एस्टर (टोचता येईल असं रासायनिक रूप) बनवले, तेव्हा ते नीट टोचता आलं. पुढे 1940 च्या दशकात कुष्ठरोगावर सल्फोन औषधं आली आणि त्याची गरज संपली. यात कुणाचाच अपमान झाला नाही.

निंबोळीच्या तेलाचं म्हणाल, तर ते पोटात दिलेल्या लहान मुलांना ओकाऱ्या, गुंगी, जलद श्वास आणि झटके आल्याची नोंद मलेशियातल्या डॉक्टरांनी 1981 मध्ये केली आहे. त्यामुळे लेखातलं वाक्य तसंच राहील. बाहेरून लावायला एक भाग निंबोळी तेल नऊ भाग तिळाच्या तेलात मिसळा, आधी कोपराच्या आतल्या बाजूला लावून एक दिवस थांबा, चिरलेल्या कातडीवर लावू नका. बाटली केसांच्या तेलाशेजारी ठेवू नका. मुलानं चुकून गिळलंच तर ओकारी काढायला लावू नका, तेल फुप्फुसात जातं. बाटली सोबत घ्या आणि थेट रुग्णालय गाठा.