कागद तिथेही मागतात

कांदिवलीतल्या गच्चीवर अमोल यादव यांनी सहा आसनी विमान बांधलं. २०१६ मध्ये ते ‘मेक इन इंडिया’च्या प्रदर्शनात लोकांनी पाहिलं, पण नोंदणी हातात पडायला २०१७ चा नोव्हेंबर उजाडला. तेव्हापासून भारतातल्या मित्रांशी बोलताना एकच पालुपद ऐकतो: ‘घरी विमान बांधलं तर तुमच्या अमेरिकेत कोण कागद मागतं!’

मागतात हो. चार वर्षं सुट्टीच्या दिवशी शेजाऱ्याच्या हँगरमध्ये त्याच्या घरगुती विमानाला रिवेट मारले, म्हणून सांगतो. नोंदणीचा एन-नंबर, म्हणजे विमानावर रंगवायचा क्रमांक, सोपा; मालकी दाखवली की झालं. उड्डाणासाठीच्या प्रमाणपत्राला मात्र निम्म्याहून जास्त काम हौशी माणसांनी, शिकण्यासाठी किंवा आवडीपोटी केल्याचा पुरावा लागतो. फोटो, तारखा, वही.

खरी गंमत इंजिनात आहे. आमचं लायकमिंग कंपनीचं ओ-३२० इंजिन मूळचं १५० हॉर्सपॉवरचं; कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरात हवा-पेट्रोलचं मिश्रण किती दाबलं जातं ते, ७ ला १. शेजाऱ्याने जास्त कॉम्प्रेशनचे पिस्टन टाकले, ठिणगी पाडणारा एक जुन्या पद्धतीचा मॅग्नेटो काढून इलेक्ट्रॉनिक इग्निशन बसवलं. इंजिनावरची कंपनीची पाटी जुनीच. इंजिन आणि प्रोपेलरची जोडी प्रमाणित, म्हणजे मंजूर झालेल्या मूळ रूपातच असेल तर चाचणी उड्डाणं साधारण २५ तास, नसेल तर ४०. ठरवून दिलेल्या टापूतच उडायचं, प्रवासी न्यायचा नाही. पंधरा तासांचा फरक! ‘पाटी बघून २५ देतील, सिलिंडर उघडून कोण बघणार?’ असं मीच म्हणालो. जन्मभर सरकारी कचेऱ्या पाहिलेला माणूस दुसरं काय म्हणणार! त्याने माझ्याकडे बघितलंही नाही. लॉगबुकात पिस्टन लिहिले, इग्निशनचं टायमिंग लिहिलं, अर्जात इंजिन ‘फेरफार केलेलं’ म्हणून दाखवलं. कॉम्प्रेशन वाढलं की डेटोनेशनचा, म्हणजे सिलिंडरात इंधन स्फोटासारखं पेटण्याचा, धोका वाढतो. उद्या दुसऱ्या कुणी हे विमान घेतलं, तर कमी ऑक्टेनचं पेट्रोल भरण्याआधी त्याला हे कळायला नको?

आपल्याकडचा वाद परवानगी द्यावी की नाही, यावरच अडतो. बांधणाऱ्याने काय लिहून ठेवायचं, याबद्दल कुणी बोलत नाही. अमेरिकेची मोकळीक मुंबईच्या गजबजलेल्या आकाशात जशीच्या तशी आणा, असं मी म्हणणार नाही; इकडे अमेरिकेत चाचणीला ओसाड माळरानं आहेत. शिवाय इकडे, हे विमान प्रमाणित विमानांच्या सुरक्षा नियमांत बसत नाही, ही सूचना प्रवाशाच्या नजरेसमोर लावावीच लागते. आपल्याकडे अशी पाटी लावली, तर पहिली बातमी तिचीच होईल.

गेल्या रविवारी सत्ताविसावा तास झाला. शेजारची सीट अजून रिकामीच आहे.