ड्युएल क्रेडिट इंग्लिश: नियम पोरांना, जबाबदारी कुणाचीच नाही

टेक्ससमध्ये ज्यांची मुलं अकरावीत आहेत किंवा पुढच्या वर्षी जाणार आहेत, त्यांनी हे वाचाच. मी प्रचंड चिडले आहे आणि चिडूनच लिहितेय.

ड्युएल क्रेडिट म्हणजे हायस्कूलमध्ये बसून कॉलेजचं क्रेडिट मिळवून देणारा वर्ग. आमचा इंग्लिश लेखनाचा, इंग्लिश १३०१. तीन क्रेडिट. वर्ग शाळेतच भरतो, शिकवणाऱ्या बाई शाळेच्याच, पण सिलॅबस, पोर्टल आणि ग्रेड जवळच्या कम्युनिटी कॉलेजची. कल्पना उत्तम आहे. सोळाव्या वर्षी माझ्या लेकीनं युक्तिवाद कसा बांधायचा, पुरावा कसा तपासायचा, दुसऱ्याचं म्हणणं प्रामाणिकपणे कसं मांडायचं हे शिकावं, याहून चांगलं काय? म्हणून तर आम्ही आनंदानं सह्या केल्या. माझा संताप आहे तो त्या वर्गाच्या नियमांवर आणि ते लिहिणाऱ्या मोठ्या माणसांवर. शाळा आणि कॉलेज, दोघांनी आपापले सगळ्यात कडक नियम आणून त्या पोरांच्या डोक्यावर ठेवलेत, आणि सांभाळून घ्यायची वेळ आली की दोघंही हात वर करतात.

काय झालं ते सांगते. ऑक्टोबरात वर्गात बसून पन्नास मिनिटांत लिहायचा निबंध होता. एक भाषण दिलेलं, आणि वक्ता श्रोत्यांना कसं पटवतो ते उलगडून दाखवायचं. लिहायचं कॉलेजच्या कॅनव्हास या पोर्टलवर, शाळेच्या लॅपटॉपवर. लेकीनं लॉगिन केलं तर पडद्यावर आलं, फोनवर पाठवलेला कोड टाका. फोन होता लॉकरमध्ये, कारण २०२५ साली झालेल्या हाउस बिल १४८१ या कायद्यामुळे टेक्ससच्या सरकारी शाळांत शाळेच्या वेळेत मुलांना स्वतःचा फोन वापरता येत नाही. ज्यांच्या लॅपटॉपनं आधीच्या लॉगिनची ओळख ठेवली होती ती मुलं सरळ आत गेली. हिचा लॅपटॉप आदल्याच आठवड्यात शाळेनं बदलून दिला होता. बाईंनी ऑफिसला फोन लावला, ऑफिसनं असिस्टंट प्रिन्सिपलना शोधलं, त्यांची परवानगी येऊन फोन हातात पडेपर्यंत निम्म्याहून जास्त वेळ गेलेला. ती रडवेली होऊन लिहीत राहिली. तिसऱ्या परिच्छेदाच्या मध्यावर खिडकी आपोआप बंद झाली. सिलॅबसमध्ये लिहिलंय की वर्गात लिहायच्या कामाला मेकअप, म्हणजे नंतर पुन्हा लिहायची संधी, नाही, तांत्रिक अडचण हे कारण चालणार नाही. सेमिस्टरचे १५ टक्के मार्क होते त्या निबंधाला. अर्धवट निबंधाला भोपळा मिळाला.

शाळा म्हणते फोन काढायचा नाही. कॉलेज म्हणते फोनशिवाय आत यायचं नाही. आई जेवू घालीना आणि बाप भीक मागू देईना, अशी गत झालीय पोरांची. शाळेच्या आणि कॉलेजच्या मोठमोठ्या पदांवरच्या माणसांनी या वर्गासाठी आपसांत करार केला, त्यावर सह्या केल्या, समारंभात फोटो काढले. त्यातल्या एकाच्याही मनात आलं नाही की ऑगस्टमध्ये मूल लॉगिन कसं करणार? फोनबंदीचा कायदा एका रात्रीत आलेला नाही. अख्खा उन्हाळा होता हातात.

मग सुरू झाली टोलवाटोलवी. काउन्सेलर म्हणाली, हा कॉलेजचा वर्ग, कॉलेजची पॉलिसी, आम्हाला त्यात बोलता येत नाही. कॉलेजच्या ड्युएल क्रेडिट ऑफिसला फोन केला, तर फोन शाळेत लॉकरमध्ये होता म्हणजे अडचण शाळेची, तिकडे बोला. आणि पुढचं वाक्य ऐकून माझं डोकंच फिरलं. तुमच्या मुलीच्या ग्रेडबद्दल आम्ही तुमच्याशी बोलू शकत नाही, फर्पा लागू होतो.

हे नीट समजून घ्या, कारण सही करताना कुणीच सांगत नाही. फर्पा हा विद्यार्थ्यांच्या नोंदींच्या गोपनीयतेचा १९७४ चा संघीय कायदा. मूल कॉलेजात दाखल झालं की त्या कॉलेजातल्या नोंदींवरचा हक्क आईबापांकडून मुलाकडे जातो, मग वय कितीही असो. म्हणजे जी मुलगी अजून एकटी डॉक्टरकडे जात नाही, जिच्या साध्या सहलीच्या फॉर्मवर माझी सही लागते, तिनं कॉलेजच्या अपील समितीशी एकटीनं लढायचं. बरं, त्याच कायद्यात सोय आहे. मूल करासाठी आईवडिलांवर अवलंबून असेल तर कॉलेज त्यांना माहिती देऊ शकतं. आणि मूल अठराच्या आत असेल तर कॉलेजनं हायस्कूलला पाठवलेल्या नोंदी आईबापांना तिथे पाहता येतात. मी हे वाचून, छापून घेऊन गेले. तिथल्या माणसाला हे माहीतच नव्हतं. कायद्याचं नाव घेऊन फोन ठेवायचा एवढंच त्यांना शिकवलेलं आहे.

आता कुणी म्हणेल, एका निबंधाचं एवढं काय मनावर घ्यायचं. घ्यायचं, कारण ही ग्रेड जन्मभर पाठ सोडत नाही. एपी, म्हणजे हायस्कूलमधला कॉलेजच्या पातळीचा दुसरा कोर्स, घेतलं तर मे महिन्यात एक परीक्षा, पाचपैकी गुण. कमी पडले तर बहुतेक ठिकाणी तो स्कोअर क्रेडिटसाठी पाठवायचाच नाही, विषय संपला. ड्युएल क्रेडिटमध्ये तसं नाही. अकरावीतली ही ग्रेड कॉलेजच्या कायमच्या ट्रान्स्क्रिप्टवर, म्हणजे गुणपत्रकावर, जाते. पुढे कुठेही प्रवेशासाठी अर्ज केला की आजवर शिकलेल्या प्रत्येक कॉलेजची ट्रान्स्क्रिप्ट मागतात. आपल्या घरांत मेडिकलची स्वप्नं कमी नाहीत, म्हणून मुद्दाम सांगते. मेडिकल स्कूलच्या केंद्रीय अर्जात, म्हणजे ॲम्कॅसमध्ये, हायस्कूलमध्ये असताना घेतलेले कॉलेजचे कोर्सही जीपीएत, म्हणजे ग्रेडच्या सरासरीत, मोजतात. लॉ स्कूलच्या अर्जातही तेच. बाविसाव्या वर्षी डॉक्टर व्हायला निघालेल्या मुलीच्या जीपीएत सोळाव्या वर्षी न आलेल्या कोडचा भोपळा बसलेला असणार. हे ओरिएंटेशनच्या रात्री कुणी सांगितलं? आम्हाला पिझ्झा दिला, ट्युशनचे किती हजार वाचतात ते दाखवलं आणि सही घेतली.

शिवाय टेक्ससमधल्या सरकारी कॉलेजांत १३०१ सहज चालतो, पण राज्याबाहेरच्या कित्येक खाजगी युनिव्हर्सिट्या हायस्कूलच्या वर्गात घेतलेलं क्रेडिट धरतच नाहीत. म्हणजे क्रेडिट मिळेल की नाही ते नक्की नाही, ग्रेड मात्र नक्की सोबत जाणार.

मग सोडून द्यावा वर्ग, तर तिथेही दोन कॅलेंडर. शाळेत विषय बदलायची मुदत सप्टेंबरातच संपलेली. कॉलेजात डब्ल्यू, म्हणजे ग्रेडऐवजी 'वर्ग सोडला' अशी नोंद, घेऊन बाहेर पडायची मुदत नोव्हेंबरात. म्हणजे नोव्हेंबरात कॉलेजमधून निघालं तर शाळेत इंग्लिशच्या तासाला बसायचं कुठे? अकरावीचं इंग्लिश तर पास होण्यासाठी सक्तीचं. काउन्सेलर म्हणाली, सहसा कुणी सोडत नाही. सोडणार कशी पोरं, दार ठेवलंय का तुम्ही?

बँडवाल्यांचं दुःख वेगळं. ऑक्टोबर म्हणजे मार्चिंग बँडच्या स्पर्धांचा महिना. शाळाच बस करते, शाळाच मुलांना घेऊन जाते, शाळेच्या हजेरीत ती गैरहजेरी माफ असते. कॉलेजच्या सिलॅबसमध्ये मात्र ती गैरहजेरीच, आणि त्या दिवशी पिअर रिव्ह्यू असेल, म्हणजे एकमेकांचे कच्चे मसुदे वाचून सूचना द्यायचा तास, तर त्याचे मार्क गेले. मुलाला तिथे नेणारी शाळा आणि मार्क कापणारा वर्ग एकाच इमारतीत आहेत.

आणि तो एआयचा नियम. सिलॅबसमध्ये एक ओळ आहे की डिटेक्टरनं ठराविक टक्क्यांच्या वर दाखवलं तर शून्य आणि प्रकरण डीनकडे. मुलांनी चॅटजीपीटीकडून निबंध लिहून घेऊ नयेत, हे मला शंभर टक्के मान्य आहे. लिहायला शिकायचं तर स्वतःच लिहावं लागतं. पण यंत्राचा आकडा हाच पुरावा? ओपनएआयनं स्वतःचं ओळखयंत्र २०२३ च्या जुलैत बंद केलं, अचूकता कमी म्हणून. व्हँडरबिल्ट युनिव्हर्सिटीनं त्याच वर्षी ऑगस्टमध्ये टर्निटिन या नक्कल तपासणाऱ्या सॉफ्टवेअरमधला एआय डिटेक्टर बंद केला. स्टॅनफर्डच्या संशोधकांनी टोफेल या इंग्रजीच्या परीक्षेचे ९१ निबंध सात डिटेक्टरांतून तपासले. ते माणसांनी लिहिलेले निबंध होते, इंग्रजी मातृभाषा नसलेल्यांनी. सरासरी निम्म्याहून जास्त निबंध यंत्रांनी एआयचे ठरवले. आमच्या ओळखीतला एक मुलगा दीड वर्षापूर्वी पुण्याहून आला. साधी, सरळ, व्याकरणशुद्ध वाक्यं लिहितो, कारण तसंच शिकवलेलं आहे त्याला. त्याच्यावर आळ आला. त्यानं गूगल डॉक्समधला सगळा इतिहास दाखवायचा ठरवलं, कुठल्या रात्री कुठलं वाक्य लिहिलं, खोडलं, परत लिहिलं, सगळं त्यात दिसतं. पण शाळेच्या खात्यातलं डॉक्युमेंट बाहेरच्या खात्याशी शेअर होत नाही, शाळा चालवणाऱ्या स्कूल डिस्ट्रिक्टनं ते बंद केलंय. पोरगं पडद्याचे फोटो काढून जोडत बसलं. सोळा वर्षांचा मुलगा, नवा देश, आणि पहिल्याच वर्षी माथी खोटेपणाचा आळ. त्याची आई फोनवर माझ्याशी बोलताना रडत होती. माझ्या रागातला निम्मा त्या माउलीसाठी आहे.

ज्यांच्या मुलांना शाळेत आयईपी, म्हणजे खास गरजांसाठी ठरवून दिलेली मदतीची योजना, आहे, त्यांनीही सावध राहा. हायस्कूलमधला आयईपी कॉलेजच्या वर्गात आपोआप चालत नाही. कॉलेजच्या डिसॅबिलिटी ऑफिसात वेगळा अर्ज करावा लागतो. जास्त वेळ मिळू शकतो, पण अभ्यासक्रमात बदल मिळत नाहीत. मूल तेच, खुर्ची तीच, घंटाही तीच, आणि पहिल्या तासाला मिळणारी मदत दुसऱ्या तासाला गायब.

आता एक गोष्ट स्पष्ट करते. आमच्या लेकीच्या बाईंवर माझा राग नाही. कॉलेजचा हा कोर्स शिकवायला साधारणपणे मास्टर्स आणि विषयातले अठरा ग्रॅज्युएट क्रेडिट तास लागतात, ते त्यांनी नोकरी करत रात्री शिकून मिळवलेत. शाळेचे बाकीचे वर्ग सांभाळून निबंध तपासतात. समासात हातानं लिहिलेल्या त्यांच्या सूचना मी वाचल्यात. 'हा पुरावा तुझ्या मुद्द्याच्या विरुद्ध जातोय, विचार कर' असं लिहिणारी शिक्षिका माझ्या मुलीला मिळाली हे आमचं भाग्य. त्यांनी स्वतः कॉलेजला कळवलं की मुलीची चूक नव्हती. त्यांना उत्तर आलं की सिलॅबस डिपार्टमेंटचा आहे, अपवाद करता येणार नाही. ज्या बाई रोज वर्गात उभ्या राहतात, त्यांच्या शब्दालाही तिथे किंमत नाही.

महाराष्ट्र मंडळाच्या दिवाळीत हे बोलले तर एक काका म्हणाले, कॉलेज म्हणजे कॉलेज, शिस्त लागलीच पाहिजे, आमच्या वेळी कोण विचारत होतं. काका, मला तुमचा आदर आहे, पण हे शिस्तीचं प्रकरणच नाही. खऱ्या कॉलेजातल्या अठरा वर्षांच्या मुलीच्या खिशात फोन असतो. तिला सेक्शन निवडता येतो, प्राध्यापकांच्या ऑफिस अवर्सना जाऊन बसता येतं, दिवसाला सात तास घंटेवर पळावं लागत नाही. आमच्या मुलांना कॉलेजच्या शिक्षा दिल्यात, कॉलेजची मोकळीक दिलेली नाही. आणि हायस्कूलची बंधनं ठेवलीत, पण हायस्कूलमध्ये नापास झालेल्या टेस्टला जी दुसरी संधी मिळते, ती काढून घेतलीय.

'मग घेऊ नका हा वर्ग' हा सल्लाही मला देऊ नका. इथे क्लास रँकवर पोरांचं पुढचं ठरतं. यूटी ऑस्टिन या टेक्ससच्या सरकारी युनिव्हर्सिटीत रँक बघून मिळणारा आपोआप प्रवेश २०२६ च्या बॅचपासून वर्गातल्या वरच्या पाच टक्क्यांवर आलाय, आधी सहा होता. आमच्या डिस्ट्रिक्टमध्ये ड्युएल क्रेडिटला जीपीएत जास्त वजन आहे. वरच्या रांगेतली सगळी मुलं असे वर्ग घेतात, आणि साध्या वर्गात बसलेलं मूल कितीही चांगलं लिहीत असलं तरी मागे पडतं.

मागण्या डोंगराएवढ्या नाहीत. फोनशिवाय लॉगिनची सोय करा, कोडऐवजी लॅपटॉपला लावायची छोटी की देता येते, ती द्या. शाळेनं माफ केलेली गैरहजेरी कॉलेजनंही माफ करावी, हे करारात लिहा. दोन्हीकडच्या मुदती एका पानावर छापा आणि सहीच्या आधी हातात द्या. डिटेक्टरच्या आकड्यावर कुणालाही शून्य देऊ नका, आधी मुलाला समोर बसवून निबंधाबद्दल विचारा, पाच मिनिटांत कळतं कुणी लिहिलाय. ट्रान्स्क्रिप्ट कायमची असते आणि मेडिकलपर्यंत मोजली जाते, हे त्या पिझ्झाच्या रात्री मोठ्यानं सांगा. आणि भांडण झालं तर कुणाला विचारायचं, त्या एका माणसाचं नाव लिहा. एक माणूस, ज्याला 'तिकडे बोला' म्हणता येणार नाही.

लेकीचं अपील अजून पडून आहे. तिनं ते स्वतः लिहिलंय, मुद्दा, पुरावा, समोरच्याची बाजू, सगळं जागच्या जागी. मी स्कूल बोर्डाच्या पुढच्या बैठकीत बोलायला नाव नोंदवलंय. ज्यांच्या मुलांवर अशी वेळ आली आहे त्यांनी तारखा, ईमेल, पडद्याचे फोटो जपून ठेवा आणि त्या संध्याकाळी सोबत या.