लाएझेलला कँपात बसवून ठेवू नका

बाल्डर्स गेट ३ या फँटसी व्हिडिओ गेममध्ये तुमच्यासकट पार्टीत, म्हणजे सोबत फिरणाऱ्या टोळीत, चार जणांचीच जागा असते. माझ्या ओळखीतले बहुतेक जण त्यातल्या तीन जागा वाया घालवतात. बिल्ड, म्हणजे पात्रांच्या ताकदींची जुळवणी, सगळ्यांचे चकाचक असतात, यूट्यूब बघून केलेले. पण सोबत कोणाला घेतील, तर जे आपल्या प्रत्येक निर्णयाला मान डोलावतील त्यांना. उरलेली गँग शेकोटीपाशी बसून माशा मारते, आणि मग हीच मंडळी सांगतात, "स्टोरी बरी आहे, पण सोबतचे लोक जरा सपाट वाटले." अरे, सपाट वाटणारच ना! ज्यांना मत आहे त्यांना तू घरी ठेवून आलास.

ही पोस्ट लांबणार आहे. शनिवार आहे, पाऊस आहे, मुलुंडच्या पुढे गाड्या वीस मिनिटं उशिरा आहेत. वाचा निवांत.

लॅरियन ही बेल्जियमची कंपनी. त्यांनी ऑगस्ट २०२३ मध्ये हा गेम पूर्ण स्वरूपात आणला, त्याच वर्षी द गेम अवॉर्ड्समध्ये 'गेम ऑफ द इयर' मिळवला, आणि ॲस्टेरियनला आवाज देणाऱ्या नील न्यूबनला अभिनयाचं बक्षीस मिळालं. म्हणजे या सोबत्यांवर किती जीव ओतलाय बघा. तरीही लोक त्यांना वापरतात कसे? एक कुलूप उघडायला, एक जखमा भरायला, एक मार खायला. ओझं वाहायला तर सगळेच.

लाएझेलचंच घ्या. सोबत्यांपैकी एक, गिथयांकी या लढाऊ जमातीची बाई, तलवारबाज, बोलणं फटकळ. दया, भीड, "बघू या" असले प्रकार तिला खपत नाहीत. तुम्ही कोणाला मदत करायला थांबलात की वर कोपऱ्यात नापसंतीची सूचना झळकते, आणि लोकांना तीच झोंबते. पण तिला पार्टीतून काढलंत तर काय जातं ते बघा. पहिल्या ॲक्टमध्ये, म्हणजे गेमच्या पहिल्या भागात, डोंगरवाटेवर गिथयांकींची तुकडी भेटते. तिथे ही सोबत असेल आणि तिला पुढे बोलू दिलंत, तर प्रसंग वेगळाच उलगडतो, कारण समोर तिची स्वतःची माणसं आहेत आणि लहानपणापासून ज्यावर विश्वास ठेवला त्याला पहिला तडा तिथून जायला लागतो. ही नसेल तर तुमच्यासाठी ते आणखी एक भांडण. जिंका, लूट घ्या, पुढे चला.

झोरू नावाच्या घाबरलेल्या टीफलिंगकडून (ही शिंगंवाली जमात) माहिती काढायची असते, तिथेही तसंच. तुम्ही एकटे गेलात तर गोड बोलून विचाराल. ही सोबत असेल तर त्याला सरळ गुडघ्यावर बसायला सांगते. मला तो प्रसंग बघवत नाही, खरं सांगते. पण त्या क्षणी तिला आवरायचं की माहिती मिळतेय म्हणून गप्प बसायचं, हा प्रश्न माझ्यापुढे आला. मला तर असल्या प्रश्नांसाठीच हे गेम खेळायचे असतात.

आमच्या सोसायटीत एक काका आहेत. एजीएममध्ये कुठलाही विषय निघाला की "माझा आक्षेप मिनिट्समध्ये नोंदवून घ्या" हे त्यांचं ठरलेलं. सगळे कंटाळतात. पण पुनर्विकासाचा करारनामा आला तेव्हा तो पहिल्या पानापासून शेवटच्यापर्यंत वाचणारे तेवढेच निघाले, बाकी आम्ही चहा-समोसे खाऊन सह्या करायला बसलो होतो. लाएझेल म्हणजे आमचे ते काका.

आता ॲप्रूव्हलबद्दल, म्हणजे सोबत्यांची तुमच्यावरची पसंती, जी गुणांत मोजली जाते. माझा भाचा इंजिनिअरिंगला आहे, लालबागला राहतो. जुलैत एकदा रुळांवर पाणी भरलं आणि तो आमच्याकडेच अडकला. दोन दिवस लॅपटॉप टीव्हीला जोडून आमचं हेच चाललं होतं. मी चहा घेऊन बाहेर आले तर याच्या एका हातात माऊस, दुसऱ्या हातात मोबाईल. मोबाईलवर यादी उघडलेली, कुठल्या वाक्यावर कोणाचे किती गुण वाढतात त्याची. प्रत्येक संवादाआधी यादी बघायची, नापसंती दिसली की रीलोड, म्हणजे आधी साठवलेल्या सेव्हपासून पुन्हा खेळायचं.

मी म्हटलं, "अरे, तू गेम खेळतोयस की परीक्षेला बसलायस?"

"मावशी, नंतर प्रॉब्लेम येतो गं. अ‍ॅस्टेरियन चिडला तर त्याची क्वेस्ट नीट होत नाही."

"मग चिडू दे ना थोडा. घाबरतोस काय त्याला?"

"तू तुझ्या सेव्हमध्ये चिडव."

या मुलांना कोणी सांगितलंय कोण जाणे, की सोबत्याची नाराजी म्हणजे तुमचा पराभव. अ‍ॅस्टेरियनला परोपकार आवडत नाही, विलला क्रूरपणा आवडत नाही, दोघांनाही एकाच वेळी खूश ठेवायचं म्हटलं तर तुमचा नायक कसा होणार? पुळचट. कोणाच्याच बाजूला नाही, कशावरच ठाम नाही. शिवाय पाच-दहा नापसंतींनी कोणी पार्टी सोडून जात नाही. सोडून जातात ते मोठ्या गोष्टींवर. टीफलिंगांच्या वस्तीवर हल्ला करणाऱ्यांना सामील झालात तर विल आणि कार्लाक हे सोबती निघून जातात. आणि जायलाच हवेत! तेव्हाही ते तुमच्यासोबत राहिले असते तर त्यांच्या आधीच्या सगळ्या बोलण्याला काय अर्थ राहिला असता?

हे काही लॅरियनने शोधून काढलेलं नाही. बायोवेअरने २००० साली आणलेल्या बाल्डर्स गेट २ मध्ये तुमची कीर्ती फार वाढली की दुष्ट प्रवृत्तीचे सोबती आधी कुरकुर करायचे, मग चालते व्हायचे. ड्रॅगन एज: ओरिजिन्समध्ये, २००९ चा गेम, भेटवस्तू देऊन ॲप्रूव्हल वाढवता यायचं. पण एकाच माणसाला भेटींवर भेटी देत सुटलात की पुढच्या प्रत्येक भेटीचा परिणाम कमी होत जायचा. बरं, प्रत्येकाची आवड वेगळी. स्टेन हा धिप्पाड, दगडी चेहऱ्याचा कुनारी योद्धा, त्याला काय आवडावं? चित्रं! मला तर हे कळलं तेव्हापासून तो माणूस जास्तच आवडायला लागला. हाच स्टेन हेवन गावात तुमच्यासमोर उभा ठाकतो आणि विचारतो की संकट एकीकडे असताना तू या दंतकथेच्या मागे का लागलायस. वेळ आली तर तलवार उपसतो. तो प्रश्न विचारतो ना, तो रास्तच असतो. बाकी पार्टी मुकाट मागे चालत असते.

पण या बाबतीत सगळ्यात धीट निघाला ड्रॅगन एज २, म्हणजे २०११ चा, ज्याला लोकांनी एकाच गुहेचे नकाशे पुन्हा पुन्हा वापरल्याबद्दल धुतला. धुवायलाच हवा होता, तो भाग वेगळा. त्यात पट्टी दोन टोकांची होती, एका टोकाला मैत्री, दुसऱ्या टोकाला रायव्हलरी. सोबत्याशी सतत तात्त्विक भांडण घातलंत तरी नातं पुढेच जायचं, त्या टोकालाही वेगळं बक्षीस होतं, प्रेमसुद्धा जमायचं. धोका होता तो मधल्यांना. ना धड मैत्री, ना धड वैर अशा स्थितीत ठेवलेला सोबती ऐन मोक्याच्या वेळी तुम्हाला टाकून जाऊ शकायचा. भांडणाला किंमत देणारी ही व्यवस्था पुढच्या गेममध्ये का गुंडाळली, मला अजून पटलेलं नाही.

आता लढाईकडे येते, नाहीतर म्हणाल मावशी नुसत्या गप्पा हाणते.

लढाईतही दुखणं तेच. प्रत्येक सोबत्याला आपल्या नायकाची झेरॉक्स करायची घाई. सगळ्यांनी मारायचं, जास्तीत जास्त मारायचं. शॅडोहार्ट या सोबतीबद्दल केवढी ओरड होते, हिचा नेम लागत नाही म्हणून. बाई क्लेरिक आहे, देवाच्या कृपेने मंत्र टाकणारी! पहिल्याच पातळीला तिला ब्लेस हा आशीर्वादाचा स्पेल (मंत्र) येतो. एका स्पेलमध्ये तीन जणांना, प्रत्येक हल्ल्याला आणि प्रत्येक सेव्हिंग थ्रोला (जादू वगैरेंपासून वाचण्यासाठी टाकायच्या फाशाला) चार बाजूंच्या फाशाची भर. सरासरी अडीच. हल्ला ठरतो वीस बाजूंच्या फाशावर, म्हणजे तिघांचाही नेम लागण्याची शक्यता साधारण साडेबारा टक्क्यांनी वाढली, आणि तीही पूर्ण लढाईभर, तिचं कॉन्सन्ट्रेशन, म्हणजे स्पेलवरची एकाग्रता, मार लागून तुटेपर्यंत. म्हणून ब्लेस टाकला की तिला मागे घ्या, मार खायला पुढे पाठवू नका. तेवढं करून ती उरलेल्या वेळात नखं कापत बसली तरी तिने आपलं काम केलेलं असतं.

अ‍ॅस्टेरियनचं तर मला वाईट वाटतं. लोक त्याला लांब एकटा उभा करतात, धनुष्य देतात, आणि "रोग क्लास फुसका आहे" म्हणतात. (क्लास म्हणजे पात्राचा पेशा, आणि रोग म्हणजे लपूनछपून वार करणारा चोर.) त्याचा हुकमी वार म्हणजे स्नीक अटॅक. तो लागायला एकतर त्याला ॲडव्हांटेज (दोन फासे टाकून मोठा घेण्याची मुभा) हवं, नाहीतर ज्याला मारायचंय त्याच्या शेजारी आपला माणूस भिडलेला हवा. कार्लाकला आधी जाऊन भिडू द्या, मग याचा बाण सुटू द्या. फक्त क्रम बदलला की बाणाचा परिणाम बदलतो. आणि त्याला उंचावर चढवा. या गेममध्ये उंचावरून बाण मारला तर नेमाला दोन अधिक मिळतात, खालून वर मारला तर दोन वजा. लढाई सुरू व्हायच्या आधीच चौघांची साखळी तोडायची, एकाला बोलायला पुढे पाठवायचं, बाकीच्यांना गच्चीवर, खांबामागे, दाराशी नेऊन उभं करायचं. संवाद चालू असतानाही दुसऱ्या पात्रावर जाता येतं, हे कित्येकांना माहीतच नसतं. समोरचा खलनायक भाषण ठोकत असतो आणि मागे माझी माणसं निवांत जागा पकडत असतात. या गेममध्ये मला याइतकी मजा कशातच येत नाही.

संवादात फासा टाकायची वेळ आली की तिथेही सोबत्यांची मदत घ्या. जवळ उभ्या क्लेरिककडे गायडन्स हा मदतीचा स्पेल असेल तर तुमच्या फाशात तिचा चार बाजूंचा फासा मिळवता येतो. लाएझेलच्या बाबतीत आणखी एक गंमत. गिथयांकींना ॲस्ट्रल नॉलेज असतं. रोज एक गुण निवडायचा, की त्या गुणाशी निगडित सगळ्या कौशल्यांत पुढच्या लाँग रेस्टपर्यंत, म्हणजे कँपातल्या रात्रीच्या झोपेपर्यंत, प्रावीण्य. कुलुपं आणि चोरपावलांचा दिवस असेल तर डेक्स्टेरिटी निवडा, जुनी अवशेषं आणि पोथ्या असतील तर इंटेलिजन्स. जिला तुम्ही नुसती तलवार समजून घरी ठेवली होती, ती रोज वेगळ्या कामाला येते.

लाँग रेस्ट! यावर मी भांडायला तयार आहे. चाळीस कँप सप्लाय, म्हणजे शिधा, लागतात एका रात्रीला, टॅक्टिशियन या कठीण पातळीवर ऐंशी. लोक पाव, चीज, माशांची पोती जमवून गेमच्या शेवटापर्यंत नेतात आणि रात्री मात्र झोपत नाहीत. गोष्टीत घाई दाखवली आहे ना, डोक्यात किडा आहे, लवकर उपाय शोधा म्हणून. ती घाई मनावर घेऊ नका. जळती सराय, कोसळलेल्या दगडांमागे अडकलेला माणूस अशा मोजक्या ठिकाणी उशीर खरोखर नडतो. एरवी खुशाल झोपा, कारण सोबत्यांचे कितीतरी मोठे प्रसंग फक्त रात्री कँपातच घडतात, आणि झोपला नाहीत तर ते रांगेत अडकून पडतात, काही तर निसटूनच जातात. शॅडोहार्ट आणि लाएझेल यांच्यातली सुरीची रात्र त्यातलीच. आधी दिवसभर दोघींची टोमणेबाजी ऐकलेली असते, एक दुसरीच्या जिवावर उठते, आणि मध्ये तुम्ही. भाच्याला मी तो प्रसंग माझ्या सेव्हमध्ये दाखवला. यादी बाजूला ठेवून तो पाठ ताठ करून बसला आणि म्हणाला, "मावशी, थांब, काही निवडू नको, विचार करू दे." बाहेर पाणी ओसरलं होतं, गाड्या सुरू झाल्या होत्या, तरी तो गेला नाही.

बोलण्यातूनच सोबती घडतो, याचं सगळ्यात सुंदर उदाहरण मात्र जुनं आहे. १९९९ च्या प्लेनस्केप: टॉरमेंटमध्ये डाकॉन नावाचा म्हातारा योद्धा आहे. त्याच्याशी त्याच्या पंथाच्या शिकवणीवर बसून चर्चा केली, तिचा अर्थ नीट उमगला, तर तुम्हालाही आणि त्यालाही नवीन स्पेल मिळतात. तलवार न उपसता. तिथे आजच्या गेमसारखं चकचकीत काही नाही, नुसता मजकूर वाचायचा. ज्यांना वाचायचा कंटाळा नाही त्यांनी जरूर खेळा, ज्यांना आहे त्यांनी माझी ही पोस्ट इथवर वाचली कशी ते सांगा.

कँपात येऊन राहणाऱ्या विदर्सबद्दल शेवटचं. शंभर मोहरा दिल्या की तो कोणाचाही क्लास बदलून देतो. शॅडोहार्टला ट्रिकरीवरून लाइफ किंवा लाइट डोमेनला (हे क्लेरिकचे उपप्रकार) नेलंत तर माझी हरकत नाही, मीही नेते. पण त्याच्याकडचे भाड्याचे सैनिक घेऊन फिरणारे पाहिले की वैताग येतो. ना त्यांना गोष्ट, ना तक्रार, ना रात्रीचं भांडण. कोणाला एकट्याने आव्हान म्हणून खेळायचं असेल तर ठीक, पण पहिल्याच वेळी? एवढ्या नटांना घेऊन वर्षानुवर्षं खपून बनवलेली माणसं सोडून?

तुमच्या कँपात कोण धूळ खात पडलंय ते कमेंटमध्ये लिहा. गेल या जादूगार सोबत्याला तो मागतो त्या तिन्ही जादूच्या वस्तू द्यायला ज्यांच्या जिवावर आलं त्यांनीही लिहा, माझ्या नवऱ्याने अजून एकही दिलेली नाही. फक्त तिसऱ्या ॲक्टमधलं कोणाचं काय होतं ते उघड करू नका, भाचा ही पोस्ट वाचतोय आणि तो अजून दुसऱ्यात आहे.