खुलासा : क्नेटेमान यांनी टूर द फ्रान्स दहादा जिंकलेली नाही

डच सायकलपटू खेरी क्नेटेमान यांनी 'टूर द फ्रान्स दहा वेळा जिंकली आणि शर्यतीतच प्राण सोडला', असा मजकूर सध्या फिरतोय. दोन्ही गोष्टी चूक आहेत.

दहा हा आकडा खरा, पण तो टप्प्यांचा. टूर ही फ्रान्समधली सायकल शर्यत तीन आठवडे चालते, जवळपास रोज एक टप्पा, प्रत्येक टप्प्याचा स्वतंत्र विजेता; सगळ्या टप्प्यांची मिळून सर्वांत कमी वेळ ज्याची, तो अख्खी टूर जिंकतो. क्नेटेमान असे दहा दिवस जिंकले. अख्खी टूर एकदाही नाही. ती जिंकणारे डच पुरुष दोनच : १९६८ साली यान यान्सन आणि १९८० साली योप झूटेमेल्क. दहा टूर तर आजवर कुणालाच जमलेल्या नाहीत, एवढं तरी हा मजकूर पुढे पाठवणाऱ्यांनी पाहायला हवं होतं!

खरी कारकीर्द काय कमी आहे? १९७८ साली जर्मनीत न्युरबर्गरिंगला जागतिक अजिंक्यपदाच्या शर्यतीत शेवटी दोघंच उरले, क्नेटेमान आणि आदल्या वर्षीचा विजेता इटलीचा फ्रांचेस्को मोझेर. क्नेटेमाननी त्याला अगदी अंतिम रेषेवर हरवलं. १९८३ साली बेल्जियममधल्या एका शर्यतीत ते जबर जखमी झाले, सावरायला बराच काळ गेला. तरी १९८५ साली त्यांनी आम्स्टेल गोल्ड रेस ही नेदरलँड्समधली एका दिवसाची शर्यत पुन्हा जिंकली. पहिल्यांदा जिंकली होती १९७४ मध्ये.

निवृत्तीनंतर ते डच राष्ट्रीय संघाचे प्रशिक्षक झाले. २ नोव्हेंबर २००४ रोजी, वयाच्या ५३ व्या वर्षी, मित्रांसोबत माउंटन बाइक चालवताना त्यांचं निधन झालं. ती शर्यत नव्हती.