पहिला पगार हातात पडेपर्यंत

कौशल्य प्रशिक्षणाचा विषय निघाला की आपण बहुतेक सगळे शिकवण्याबद्दल बोलतो. कोर्स कसा होता, मशीन जुनी होती का, सर्टिफिकेटला कंपनीत काही किंमत आहे का. हे विचारायलाच हवं. पण बीड-परभणीकडच्या मुलामुलींना पुण्याच्या बाजूला नोकरीला लावायचं काम मी बरीच वर्षं करतेय, आणि माझं मत आता पक्कं झालंय. आमची बहुतेक मुलं काम येत नाही म्हणून परत येत नाहीत. नोकरी लागल्यापासून पहिला पुरा पगार हातात पडेपर्यंत जगायचं कशावर, याची सोय कुणीच केलेली नसते म्हणून परत येतात.

हिशेबच मांडते. समजा मुलगा बारा तारखेला कामावर लागला. कंपनी नावाजलेली, पण हा कॉन्ट्रॅक्टरच्या हजेरीवर. हजेरी पंचवीस तारखेला बंद होते आणि पगार पुढच्या महिन्याच्या सात ते दहा तारखेच्या आत होतो. म्हणजे जवळजवळ महिनाभर राबल्यावर हातात येतो तो जेमतेम दोन आठवड्यांचा पगार. त्यातून पीएफ आणि ईएसआय (कामगारांचा आरोग्य विमा) गेलेला, काही ठिकाणी सेफ्टी शूज आणि युनिफॉर्मचेही पैसे कापलेले. अख्ख्या महिन्याचा पगार बघायला आणखी एक महिना जातो. आणि खर्च मात्र पहिल्या दिवसापासून सुरू. कॉट बेसिसवर, म्हणजे सामाईक खोलीत एका खाटेपुरतं, राहायचं म्हटलं तरी दोन-अडीच हजार भाडं आणि वर डिपॉझिट. मेसवाल्याला तीन हजारांच्या आसपास आगाऊ. मेडिकल फिटनेस, पोलीस व्हेरिफिकेशन, फोटो, झेरॉक्स. कंपनीची बस जिथं थांबते तिथपर्यंत रोजची शेअर रिक्षा. गावाकडून यायचं तिकीट, एक गादी, एक बादली. सगळं धरून दहा-बारा हजार रुपये हाताशी असल्याशिवाय पुण्याजवळच्या चाकणला, जिथं कारखाने आहेत, टिकता येत नाही.

हे दहा-बारा हजार ज्याच्या घरात असतात, त्याला आमच्या प्रशिक्षण केंद्राची तेवढी गरजही नसते.

एकदा एका मुलाच्या वडिलांना हा खर्च समजावून सांगत होते. ते शांतपणे ऐकून म्हणाले, "मॅडम, पोरगं कामाला लागणार म्हणता, मग पैसे आमच्याकडूनच कसे मागता? मुकादम तर आधी देतो." मला यावर बोलायला काही सुचलं नाही, कारण त्यांचं म्हणणं तंतोतंत खरं होतं. दसरा-दिवाळीच्या सुमाराला ऊसतोडीचा मुकादम दारात येतो आणि कोयत्यामागे, म्हणजे नवरा-बायकोच्या जोडीमागे, लाखाच्या घरात उचल देऊन जातो. ही उचल फास आहे, हे आमच्याकडच्या लहान पोरालाही कळतं. हंगाम संपला तरी ती फिटत नाही, पुढच्या वर्षी पुन्हा त्याच मुकादमाकडे जावं लागतं, मुलांच्या शाळा बुडतात. पण ती आधी मिळते. दवाखान्याची उधारी, किराणा, बहिणीचं लग्न हे सगळं त्या एका रकमेत निभावतं. तिकडे आम्ही पीएफवाली, पावतीवाली, आठ तासांची नोकरी घेऊन जातो आणि सांगतो की आधी तुम्ही दहा हजार घाला. ज्या घरात दोन्ही पर्याय एकाच आठवड्यात येतात, त्या घरानं ऊसतोड निवडली तर मी त्याला अडाणीपणा म्हणणार नाही. रोख पैसा कुठून येतो हे त्यांनी बरोबर ओळखलेलं असतं.

सरकारला हे कळत नाही, असंही नाही. ग्रामीण गरीब कुटुंबांतल्या १५ ते ३५ वयाच्या मुलामुलींसाठी दीनदयाळ उपाध्याय ग्रामीण कौशल्य योजना सप्टेंबर २०१४ मध्ये आली. निवासी प्रशिक्षण, जेवण, गणवेश, सगळं फुकट. तिच्या मार्गदर्शक सूचनांत नोकरी लागल्यानंतरच्या मदतीची तरतूद होती: स्वतःच्या जिल्ह्यात नोकरी लागली तर दोन महिने, जिल्ह्याबाहेर पण राज्यातच लागली तर तीन महिने, राज्याबाहेर लागली तर सहा महिने, दर महिन्याला एक हजार रुपये. शहरात येणाऱ्यांसाठी स्थलांतर सहायता केंद्रांचाही विचार त्यात होता. ज्यानं कुणी हे लिहिलं त्याला खेड्यातून शहरात येणाऱ्या मुलाची अडचण नेमकी समजली होती. पण हजार रुपयांत चाकणला निम्म्या कॉटचंही भाडं निघत नाही. शिवाय ते पैसे महिन्याच्या हिशेबानं येणार, आणि मुलाला ते हवे असतात एस.टी.तून उतरल्या दिवशी.

मग आली प्रधानमंत्री कौशल्य विकास योजना, २०१५ मध्ये. ऑक्टोबर २०२३ मध्ये राज्यात ५११ प्रमोद महाजन ग्रामीण कौशल्य विकास केंद्रांचं एकाच दिवशी उद्घाटन झालं. प्रशिक्षण गावाजवळ आलं ही चांगलीच गोष्ट आहे, विशेषतः मुलींसाठी. नोकऱ्या मात्र जिथं होत्या तिथंच आहेत: चाकण, तळेगाव, रांजणगाव, वाळूज, बुटीबोरी. वर्ग गावात आणि कारखान्याची लाईन एमआयडीसीत. मधलं जे अंतर आहे त्यासाठी पुरेल अशी तरतूद कुणाच्याही बजेटमध्ये नाही.

केंद्र सरकारच्या इंटर्नशिप योजनेत याचा मोठ्या प्रमाणावर अनुभव आला. ऑक्टोबर २०२४ मध्ये प्रधानमंत्री इंटर्नशिप योजनेचा पथदर्शी टप्पा सुरू झाला. नामांकित कंपन्या, महिन्याला पाच हजार रुपये, सुरुवातीला एकदाच सहा हजार. पहिल्या फेरीत ८२ हजारांहून अधिक ऑफर दिल्या गेल्या, सुमारे २८ हजार स्वीकारल्या गेल्या आणि प्रत्यक्ष रुजू झाले ८,७०० च्या आसपास. न जाण्याच्या कारणांत घरापासूनचं अंतर आणि बारा महिन्यांचा काळ ही कारणं सरकारनंच नोंदवली आहेत. परक्या शहरात पाच हजारांत वर्षभर कसं राहायचं, याचं उत्तर त्या मुलांकडे नव्हतं. अप्रेंटिसशिपचंही तेच. २०१९ च्या नियमांनी अप्रेंटिसचं किमान विद्यावेतन पाच ते नऊ हजारांपर्यंत नेलं, आयटीआय झालेल्याला सात हजार. कॉट आणि मेस वजा केली की मोबाईलचं रिचार्ज आणि दिवाळीला घरी यायचं तिकीट एवढंच उरतं. आई-वडिलांना पाठवायला काहीच नाही. आणि आमच्याकडची मुलं नोकरीला जातात तीच मुळी घरी काहीतरी पाठवण्यासाठी.

मला सगळ्यात जास्त खटकतं ते वेगळंच आहे. मदतीची पद्धत आपल्याच राज्यात उभी आहे, ती फक्त नोकरीच्या दारात येऊन थांबते. डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजनेत, वसतिगृहात प्रवेश न मिळालेल्या अनुसूचित जाती आणि नवबौद्ध विद्यार्थ्याला पुण्या-मुंबईसारख्या शहरात वर्षाला ६० हजार रुपये मिळतात: जेवणाचे ३२ हजार, राहण्याचे २० हजार, निर्वाहाचे ८ हजार. आदिवासी विद्यार्थ्यांसाठी स्वयंम योजना आहे, ती याच धर्तीवर. खेड्यातल्या मुलाला शहरात राहायला पैसे लागतात, हे तत्त्व म्हणजे सरकारनं मान्य केलेलं आहे. पण तोच मुलगा कॉलेज सोडून लाईनवर उभा राहिला की त्याचा खर्च अचानक शून्य होतो असं आपण धरून चालतो. अशा मुलाला वर्षाचे साठ हजार नकोतच. सुरुवातीला एकदाच दहा हजार पुरेत, आणि तेही बिनव्याजी उसने दिले तरी चालतील. सहा-आठ महिन्यांत तो फेडतो. आमच्या गावातल्या एका बचत गटानं अशा काही मुलांना पैसे दिले होते. एकानंही बुडवले नाहीत, पहिल्या पुऱ्या पगारापासून हप्ते सुरू केले.

मुलींचं गणित याहून अवघड. मुलगी नोकरीला जाणार म्हटलं की वडील किंवा भाऊ खोली बघायला सोबत येतो. संडास-बाथरूम पुरुषांबरोबर सामाईक असेल तर त्याच बसनं तो मुलीला परत नेतो, आणि पुढच्या उन्हाळ्यात तिचं लग्न झालेलं असतं. सेकंड शिफ्ट रात्री साडेअकराच्या सुमाराला सुटते, घरमालकाचं गेट दहाला बंद होतं. काही घरमालक मुलींना खोली देतच नाहीत, आणि काही ठिकाणी आडनाव ऐकून खोली नाकारली जाते, हेही लिहायलाच हवं. औद्योगिक वसाहतीत कारखान्याला प्लॉट मिळतो, पाणी मिळतं, वीज मिळते. त्या कारखान्यात काम करणाऱ्या एकोणीस वर्षांच्या मुलीला सुरक्षित खाट मिळत नाही. २०२४ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात औद्योगिक कामगारांसाठी डॉर्मिटरी पद्धतीची भाड्याची घरं आणि नोकरदार महिलांची वसतिगृहं यांची घोषणा झाली होती. कौशल्य विकासातली ती सगळ्यात महत्त्वाची घोषणा होती असं मला वाटतं, पण तिच्याकडे कुणी त्या नजरेनं पाहिलंच नाही.

मुलींच्या बाबतीत एक गोष्ट मात्र हमखास चालते. एकटीला पाठवायचं नाही. एका तालुक्यातल्या चार-पाच जणी एकत्र, एकाच खोलीत, शक्यतो एकाच शिफ्टला. आणि आधीपासून तिथं काम करणारी एखादी ताई, जी स्टँडवर घ्यायला येईल आणि पहिल्या रविवारी बाजार, दवाखाना, बँक दाखवेल. अशा गेलेल्या मुली मी टिकलेल्या पाहिल्यात, लाईन लीडर झालेल्या पाहिल्यात, धाकट्या बहिणीला बोलावून घेतलेल्या पाहिल्यात. या ताईला आम्ही कुठल्याही योजनेतून एक रुपया देऊ शकत नाही. गावोगाव फिरून मुलं गोळा करणाऱ्या मोबिलायझरला मानधन आहे, ट्रेनरला पगार आहे, परीक्षा घेणाऱ्या असेसरला फी आहे. मुलीला शहरात टिकवणारी बाई मात्र फुकट राबते.

आजारपणाबद्दलही सांगते. पहिल्या महिन्यात पाणी बदलतं, मेसचं तेल बाधतं, आठ तास उभं राहून पाय सुजतात. कावीळ झालेला एक मुलगा खाजगी दवाखान्याच्या खर्चाला घाबरून रात्रीच्या गाडीनं गावाला निघून आला. त्याच्या पगारातून ईएसआय कापला जात होता. चिंचवडला मोहननगरमध्ये ईएसआयचं रुग्णालय आहे आणि तिथं आपल्याला उपचार मिळू शकतात, हे त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. कार्डही काढून दिलेलं नव्हतं. कंपनीच्या नोंदीत तो "न सांगता गैरहजर" झाला आणि आमच्या नोंदीत "ड्रॉप-आउट". गावात लोक म्हणाले, पोरात दम नव्हता. पुढच्या बॅचसाठी त्या वस्तीवर गेलो तेव्हा लोक दारं उघडायलाच तयार नव्हते.

एचआरमधली मंडळी मला नेहमी सांगतात, "मॅडम, तुमची मुलं टिकत नाहीत, त्यांना काम नकोय." कोवळ्या वयात आई-वडिलांबरोबर पहाटे चारला थंडीत उसाच्या फडात उतरलेली ही मुलं आहेत. त्यांना काम नकोय हे मी ऐकून घेणार नाही. अर्थात टिकण्याचा प्रश्न पैशानं पूर्ण सुटत नाही. सहा-सात महिन्यांनी ब्रेक देणारा, म्हणजे कामावरून कमी करणारा, कॉन्ट्रॅक्टर असेल तर मुलगा कितीही जिद्दीचा असो, त्यालाही कळतं की इथं आपल्याला कुणी ठेवून घेणार नाही. राज्याच्या मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेत महिन्याला बारावीला सहा, आयटीआय-डिप्लोमाला आठ आणि पदवीधराला दहा हजार मिळत होते. सहा महिन्यांचे अकरा महिने केले, आणि मुदत संपल्यावर तीच मुलं कायम करा म्हणून रस्त्यावर बसली. नोकरीच तात्पुरती असेल तर प्रशिक्षणाला दोष देऊन काय होणार? पण तो मोठा लढा आहे आणि त्याला वेळ लागेल. पहिल्या दोन महिन्यांची सोय मात्र पुढच्या बॅचपासून होऊ शकते.

मोजमापही बदललं पाहिजे. आज तीन महिन्यांच्या पगाराचे पुरावे गोळा झाले की प्लेसमेंट झाली असं धरतात. त्यामुळे केंद्रांचा सगळा जीव तीन पे-स्लिपमध्ये अडकलेला असतो. चौथ्या महिन्यात मुलगा कुठं आहे, हे विचारणारा फोन करायला माणूसही नसतो आणि पैसेही नसतात. वर्षभरानं मुलगा किंवा मुलगी कुठल्या का होईना पण पगारी कामावर आहे का, हे तपासा आणि केंद्राच्या पैशातला मोठा हिस्सा त्यावर ठेवा. मग बघा, हीच केंद्रं खोली शोधून देतील, ताई नेमतील, ईएसआयचं कार्ड हातात ठेवतील. काही संस्था बंद पडतील. पडू द्या. ज्यांना फक्त वर्ग भरवून बायोमेट्रिक हजेरी लावायची आहे त्यांच्यासाठी मला वाईट वाटत नाही.

तोवर ही पोस्ट वाचणाऱ्यांकडे माझं मागणं आहे. तुम्ही कंपनीत किंवा कॉन्ट्रॅक्टरकडे एचआरमध्ये असाल, तर नव्या मुलांना पहिल्या आठवड्याच्या शेवटी तीन-चार हजार अ‍ॅडव्हान्स द्या आणि तो पुढच्या तीन पगारांतून कापा. त्यासाठी कुठल्याही जीआरची गरज नाही. चाकण, रांजणगाव, वाळूज भागात तुमची खोली असेल तर गावाकडून पहिल्यांदा आलेल्या मुलांकडून डिपॉझिट हप्त्यानं घ्या, आणि सेकंड शिफ्टच्या मुलींना गेटची एक किल्ली द्या. मेस चालवत असाल तर पहिला महिना उधारीवर जेवू घाला. आणि आमच्याच भागातून येऊन तुम्ही शहरात स्थिरावला असाल, तर महिन्यातला एक रविवार द्या. जून-जुलैत आमची नवी बॅच बाहेर पडेल. ज्यांना जमेल त्यांनी मला मेसेज करा, कुठल्या तालुक्यातली किती मुलं कुठं येणार आहेत ते मी कळवते.