शिक्षा संपल्यावरची कैद

प्रत्यार्पण नाकारणारी न्यायालये म्हणजे गुन्हेगारांची धर्मशाळा, असे आज एका परिचिताने लिहिले आणि त्याखाली वाहवा करणाऱ्यांची रीघ लागली, म्हणून हे लिहितो आहे.

2012 मध्ये आयर्लंडच्या उच्च न्यायालयाने एका माणसाला इंग्लंडच्या हवाली करण्यास नकार दिला. त्याला तिथे 2003 च्या कायद्यातली ‘लोकसंरक्षणार्थ कैद’ झाली होती. म्हणजे गुन्ह्याबद्दलची किमान मुदत भोगून झाली तरी, हा आता धोकादायक राहिलेला नाही अशी पॅरोल मंडळाची खात्री पटेपर्यंत सुटका नाही. आयर्लंडच्या राज्यघटनेचे कलम 40 व्यक्तिस्वातंत्र्याचे रक्षण करते, आणि न केलेल्या गुन्ह्याच्या भीतीपोटी माणसाला डांबणे तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने 1966 मध्येच अमान्य केले होते. जामिनापुरती ती भूमिका 1996 च्या सार्वमताने सैल झाली, हे मान्य.

शाळेत आमच्या वर्गातल्या एका मुलाने स्नेहसंमेलनाच्या दिवशी खिडकीची काच फोडली होती. त्याची पुरेपूर शिक्षा त्याला मिळाली. तरीही पुढच्या प्रत्येक संमेलनाला त्याला ग्रंथालयात बसवून बाहेरून कडी लावत, आणि ‘तुझ्यावर विश्वास बसला की सोडू’ असे सांगत. बंद खोलीत बसून त्याने विश्वास मिळवायचा तरी कसा?

इंग्लंडने हेच आठ हजारांहून अधिक माणसांच्या बाबतीत केले. सुधारणा दाखवण्यासाठी जे अभ्यासक्रम पूर्ण करायचे, तेच कित्येकांना तुरुंगात उपलब्ध नव्हते! युरोपीय मानवी हक्क न्यायालयाने 2012 मध्ये अशा तीन कैद्यांच्या बाजूने निकाल दिला. त्याच वर्षी इंग्लंडने ही शिक्षाच रद्द केली, पण ती आधीच झालेल्यांना या बदलाचा फायदा दिला नाही. संताप येतो तो इथे.

गंमत म्हणजे त्याच वर्षी खुद्द लंडनच्या न्यायालयाने एका आरोपीला अमेरिकेच्या मिनेसोटा राज्याकडे पाठवण्यास नकार दिला, कारण शिक्षा संपल्यावर लैंगिक गुन्हेगारांना अनिश्चित काळ कोंडून ठेवण्याची तिथली पद्धत स्वातंत्र्य उघडउघड नाकारणारी आहे, असे त्या न्यायालयाला वाटले.

ज्यांच्यावर अत्याचार झाला, त्यांची भीती खरी असते आणि आरोपी निसटल्याचे दुःख त्यांनाच भोगावे लागते; त्यांच्यासमोर मला हे इतक्या ठामपणे बोलता येणार नाही. पण ज्याची काच फुटली, त्यालाही त्या मुलाला एकदाच शिक्षा हवी होती, जन्मभराची कडी नव्हे.

शिवाय लंडनच्या न्यायालयाने दार बंद केले नव्हते. या माणसाला तसे कोंडणार नाही, एवढी हमी द्या, असे त्यांनी अमेरिकेला सांगितले होते. हमी मिळाली नाही. मग आरोपी हाती लागला नाही याचे खापर न्यायालयावर कसे फोडता?